रिठदच्या वावरातलं वाळवंट

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी ठीक बारा वाजता, रिठदजवळच्या आमच्या नांगरलेल्या वावरात राजस्थानचं वाळवंट भरवण्यात आलं होतं. कलाकार तीन: माझा दादा, वहिनी आणि मी. मी शाळेत मराठी शिकवते आणि स्नेहसंमेलनात नाटकं बसवते, त्यामुळं रंगीत तालीम घेतल्याशिवाय पडदा उघडायचा नसतो एवढं मला कळतं. ही तालीम मात्र माझी नव्हती. ती वहिनीनं लावली होती, आणि तीत नापास झालं तर नाटकच रद्द होणार होतं.

दादानं तीस वर्षं एसटी चालवली. मे महिना आला की लग्नं, जत्रा, माहेरवाशिणी, शाळेच्या सुट्ट्या, जादा गाड्या. चालकानं रजेचं नाव काढायची सोय नाही. तीस मे महिने त्यानं अख्ख्या तालुक्याला मामाच्या गावी पोचवलं आणि स्वतः संध्याकाळी रिसोडला परत आला. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार असतानाच तो म्हणाला होता, "आता एका मे महिन्यात मी जाईन. अन् संध्याकाळी वापस येनार नाई."

कुठं जायचं, ते त्याला मोबाईलनं सांगितलं. कुणीतरी परदेशी जोडपं मोटरहोममध्ये बसून वाळूत अंडी तळत होतं. दादानं तो व्हिडिओ मला एका दिवसात तीनदा दाखवला. "पाह्य, गाडीतच घर हाय! सैपाक, झोपनं, सारं." मग जैसलमेरच्या पुढं वाळवंटाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं मैलोन् मैल झाड दिसत नाही, हरणं आणि मोठाले पक्षी दिसतात, असं त्यानं शोधून काढलं. शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. बाकडी उपटली, प्लायवूडचे दोन पलंग ठोकले, गॅसची शेगडी बसवली, तिच्यामागं शंभर लिटरची पाण्याची टाकी. आणि मागच्या खिडकीत आमच्या घरातला पत्र्याचा कूलर. मोटरहोमला कूलर लावणारा माणूस जगात फक्त वऱ्हाडातच जन्माला येऊ शकतो.

प्रवासाचा आराखडा त्यानं एसटीच्या वेळापत्रकासारखा आखला. रिसोड सुटणार पाच तीस. पहिला थांबा आठ दहा, चहा, दहा मिनिटं.

वहिनीनं तो कागद वाचला. "अन् मंधातच बाईमानसाले उतराची गरज पडली तं? मी काय घंटी वाजवू?"

"विनंती थांबा देईन."

"उपकार झाले."

बोलण्यात तिचा हात कुणी धरत नाही. पण त्या थट्टेच्या खाली भीती होती आणि ती आम्हा दोघांनाही माहीत होती. आदल्या उन्हाळ्यात दादा रिसोडच्या बाजारात उभ्या उभ्या कोसळला होता. अंगाला हात लावला तर तवा, आणि घामाचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले होते, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. यापुढं ऊन आणि तहान दोन्हींना भ्यायचं. वहिनी तेव्हापासून भीत होती. दादा नव्हता भीत.

म्हणून तिनं अट घातली. गाडी भर उन्हात वावरात उभी करायची, बारा ते सहा. प्यायला, चहाला, कूलरला, सगळं पाणी त्या टाकीतलंच. सहाच्या आत टाकी संपली किंवा दादाला जरा जरी अस्वस्थ वाटलं, तर जाणं रद्द आणि गाडी विकायची. "तिथं पानी मांगाले कोनाच्या दारी जानार हा तुमी? उंटाच्या?"

दादानं अट कबूल केली. पंच म्हणून मला नेमलं. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी होती. मी तिच्यावर माझ्या लाल नेलपॉलिशनं दर तासाच्या रेघा मारल्या. एक वाजेस्तोवर पाणी या रेघेच्या खाली जाता कामा नये, दोनपर्यंत या. गणित पक्कं होतं. तीन माणसं, एक कूलर, सहा तास.

पण आम्ही एक घोडचूक केली होती. वावर रस्त्याला लागून होतं.

साडेबाराला शेजारच्या वावरातला माणूस आला. "हे काय होय भाऊ? दवाखान्याची गाडी आली काय?" आता आमच्याकडं दारात माणूस आला की आधी तांब्या पुढं जातो, मग विचारपूस. वैरी आला तरी पाणी पिऊन भांडतो. दार मोटरहोमचं आहे म्हणून तांब्या मागं कसा राहील? वहिनीनं पाणी दिलं, दादानं पलंग दाखवला, शेगडी दाखवली. तो गेला आणि गावात जाऊन सांगितलं असणार. एक वाजता चार बायका आल्या. त्यांच्यापाठोपाठ रिसोडहून येणारी जीप थांबली आणि आतून, टपावरून, मागच्या शिडीवरून मिळून अकरा माणसं उतरली. सगळे पाणी प्याले. काहींनी तोंडावरही मारलं. एक आजोबा पलंगावर आडवे होऊन म्हणाले, "मस्त हाय. मी बी येतो."

"या ना बाप्पा," दादा म्हणाला, आणि त्यानं नळीकडं पाहिलं. मीही पाहिलं. दोन वाजले होते आणि पाणी चारच्या रेघेवर होतं.

मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, आता कुणाला पाणी देऊ नका."

"अवं, मंग काय म्हनू? टाकी अजून भरली नाई म्हनू?"

वहिनीनं पुढचा तांब्या भरला. वास्तविक तिच्या मनासारखं घडत होतं. पाणी तीच तर वाढत होती. पण तिचाही चेहरा उतरत चालला होता, हे तेव्हा मला विचित्र वाटलं.

अडीचला दादानं कूलर बंद केला. बॅटरी वाचवतो, म्हणाला. पत्रा तापून आतल्या हवेला रंगाचा वास येऊ लागला. वहिनी गाडीच्या सावलीत बाहेर जाऊन बसली. आत दादा आणि मी. तो ड्रायव्हरच्या सीटवर होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर ढेकळांचं वावर आणि त्यावर थरथरणारी हवा. त्याच्या हाताशी स्टीलचा पेला होता. मधूनमधून तो पेला उचलायचा, ओठाला लावायचा, खाली ठेवायचा.

चौथ्यांदा ठेवला तेव्हा मी वाकून पाहिलं. पेला काठोकाठ होता.

मग त्याच्या पाठीकडं लक्ष गेलं. एक वाजता सदरा पाठीला चिकटलेला होता, पिळून काढावा एवढा ओला. आता कोरडा होता आणि त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. जीप आल्यापासून, म्हणजे दोन अडीच तास, तो पाणीच प्यायला नव्हता. पाहुण्यांना पाजायचं थांबवणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून तो स्वतःचं वाचवत होता.

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. सांगू नको. लहानपणी माझी किती पापं त्यानं अशीच पोटात घातली होती.

मी नाही सांगितलं. हे लिहिताना विनोद करायचा माझा स्वभाव आहे, पण इथं मला काही सुचत नाही. दहा मिनिटं मी गप्प बसले. नळीत दोन बोटं पाणी होतं, दोन तास उरले होते आणि मी मनात पैज लावल्यासारखी हिशेब करत होते, कदाचित पुरेल, कदाचित निभेल. बाहेर शेळ्या घेऊन एक बाई आली. तिला वहिनी तांब्या भरून देत होती, तो आवाज ऐकू येत होता. हातात तांब्या घेऊन ती बाई खिडकीतून दादाला म्हणाली, "बरे हा ना भाऊ?"

दादानं तिच्याकडं पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "वाशीम गाडी लागली काय?"

ती हसली. मी हसले नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तेच, त्याच आवाजात.

स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो आवाज मी त्या दिवशी काढला. "वहिनी! दादा पाणीच प्यायले नाहीत! केव्हापासून नाही प्यायले!"

ती कशी आत आली ते मला दिसलंच नाही. तिनं टाकीची तोटी पूर्ण उघडली आणि पातेलं भरून त्याच्या डोक्यावर ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पदर भिजवून मानेवर, काखेत, छातीवर. "प्या. प्या म्हनते ना! घोट घोट प्या." शेळ्यावाल्या बाईनं न उष्टावलेला तांब्या खिडकीतून आत दिला. "मले नको, त्याहिले द्या." मी दादाच्या मोबाईलवरून मघाच्या जीपवाल्याला फोन लावला, तो रिठदच्या फाट्यावरून वळतो म्हणाला. आम्ही दादाला उतरवून गाडीच्या सावलीत आडवं केलं. मी हाती लागलेल्या वहीनं वारा घालत होते आणि मनातल्या मनात त्याला बोलायला सांगत होते, काहीही, फक्त वाशीम गाडी सोडून.

थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर बारीक घाम आला. वहिनीनं तो बोटानं टिपून पाहिला, आधी ओतलेलं पाणी तर नाही ना म्हणून. पुन्हा आला. तेव्हा कुठं ती खाली टेकली.

दादानं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "संपलं?"

पंचाला निकाल द्यावाच लागतो. "संपलं, दादा. चार वीसला."

त्यानं गाडीच्या चाकाकडं पाहिलं. मग उताण्यानंच खिशात हात घातला, किल्ली काढली आणि वहिनीपुढं धरली. "घे. विकून टाक. तू जितली."

वहिनीनं किल्ली घेतली नाही. तिच्या केसांतून पाणी गळत होतं, कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. दूर रस्त्यावर जीपचा धुरळा दिसू लागला होता. ती त्याच्याकडं पाहत होती, अशा रागानं की मला वाटलं आता ही उरलेला तांब्याही त्याच्या डोक्यात घालणार. आणि गाडी आल्यापासून चार महिने जे तिनं ना नवऱ्याला सांगितलं होतं ना मला, ते तिच्या तोंडून सुटलं:

"कायले विकता जी गाडी? थंडीत चाला ना! मले बी पाह्याचं हाय ते वाळवंट!"