वन्संची मोटरसायकल

वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, मोटरसायकल विकत घेतली तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती आणि गाडी त्यांच्याहून फार लहान नव्हती. गल्लीच्या टोकाला एका फोटोग्राफरचं दुकान होतं. तो दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघाला होता. त्याच्या कॅमेऱ्यांना, पडद्यांना, स्टुडिओतल्या लाकडी खांबालासुद्धा गिऱ्हाईक मिळालं, पण ताडपत्रीखालच्या मोटरसायकलकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वन्सं औषधं आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि औषधं न घेताच परत आल्या. हँडल त्यांच्या हातात होतं आणि मागून फोटोग्राफर धापा टाकत गाडी ढकलत होता.

लोकांनी लगेच गोष्ट रचली, तरुणपणी काहीतरी असणार म्हणे. तसलं काही नव्हतं. तो माणूस बोलतोय की घोरतोय तेच कळत नाही, असं वन्संचं त्याच्याबद्दलचं मत होतं.

आमचं घर दुमजली. वर मी एकटी, हे गेल्यापासून. खाली सासूबाई आणि वन्सं. सासूबाईंची डावी बाजू गेलेली होती. उजवा हात, जीभ आणि बुद्धी मात्र शाबूत. मदतीला बाया ठेवून पाहिल्या. एकीच्या हाताला वास येई, दुसरी पाय आपटत चाले, तिसरी फार हसे. शेवटी वन्संनी मुदतीआधीच नोकरी सोडली. पाणीपुरवठा खात्यात मीटर उघडून, साफ करून, पुन्हा तपासायच्या विभागात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लग्न राहून गेलं. कसं राहिलं ते घरात कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि ते पुढच्या खोलीत पलंगावर पडलेलं होतं.

पलंगाच्या लोखंडी कठड्याला वन्संनी सायकलची घंटी बसवली होती. ती वाजली की जायचं. उशी सरकली, पडदा लोटायचा, पाणी हवं, कूस बदलायची. कधी नुसतंच.

"काय गं आई?"

"काही नाही. आहेस का बघितलं."

मी सोबतीला बसायला तयार असे, पण माझ्या हातून सासूबाई पाण्याचा घोटही घेत नसत. उचलून धरायचं तर माझे गुडघे कुठे साथ देतात? मी बसले की घंटी अधिकच वाजायची.

गाडी मागच्या फरसबंद अंगणात उभी राहिली. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मोटरसायकल? आणि तीही दुसऱ्याने टाकलेली?"

"नवीत दुरुस्त काय करायचं, आई?" वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. पण मी वरच्या गॅलरीतून पाहत असे, आणि त्यांचे हात कसे चालत ते पाहण्यासारखं होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतलं तर ते काकवीसारखं काळपट, आणि वास वार्निशचा. आत गंज. त्यांनी टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घातलं, तोंडाला बूच लावलं आणि ती मांडीवर घेऊन हलवत बसल्या. दर वेळी निघणारं रॉकेल लाल, मग तांबूस, मग स्वच्छ. कार्बोरेटर उघडून ताटात मांडला. त्यातली बारीक भोकं फुंकून, पितळी तारेने साफ केली. "लोखंडी तार चालत नाही, वहिनी, भोक मोठं होतं," त्या खालूनच मला म्हणाल्या. प्लग घासला, पॉइंट पॉलिश केले, तेल बदललं, चेन रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवली. चिरा गेलेले टायर बदलले. मधूनमधून घंटी वाजे. त्या हात पुसत आत जात, साबणाने कोपरापर्यंत हात धुवत, आईचं काम करून परत येत आणि पाना जिथे ठेवला तिथूनच पुढे सुरू करत. मीटरच्या विभागात चाळीस माणसांच्या गोंगाटात काम केलेल्या बाईला त्या घंटीचा त्रास होत नसावा, असं मला वाटे.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येताजाता कंपाउंडवरून डोकावे. "काय ताई, म्हातारी काय म्हणते?"

"कुठली?"

तो ओशाळायचा आणि वन्सं हसायच्या. त्या दिवसांत त्या हसत असत, एवढं मी नक्की सांगते.

अडचण आली ती गाडी सुरू झाल्यावर. किक मारता मारता एक दिवस ती धडधडली. अंगण, खिडक्या, माझ्या कपाटातल्या बशा, सगळं थरथरलं. वन्सं दोन पावलं मागे सरकल्या, त्यांचा चेहरा असा उजळला की मी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"घंटी ऐकू येत नाही."

आतून घंटी वाजत होती. कदाचित सुरुवातीपासूनच वाजत असेल.

तिथे सगळं घोडं अडलं. बाकीची दुरुस्ती गुपचूप करता येते, पण गाडीचा स्लो, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाची संथ चाल, कानाने लावावा लागतो. इंजिन तापू द्यायचं, स्क्रू केसभर फिरवायचा आणि ऐकायचं. आणि वन्संचे कान गेली कित्येक वर्षं पुढच्या खोलीला बांधलेले होते. मी म्हटलं, मी बसते आत, तुम्ही लावा स्लो. बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहत पाहत घंटी वाजवली. अंगणात धडधड चालूच, म्हणजे वन्संना ऐकू येणं शक्य नव्हतं, तरीही दर मिनिटाला इंजिन बंद होई आणि त्या दारात येऊन उभ्या राहत. "वाजली का?" एकदा तर घंटी वाजलीच नव्हती, तरी आल्या.

मग त्यांनी शक्कल लढवली. पलंगाच्या कठड्याला बटण बसवलं, तिथून वायर भिंतीने अंगणात नेली आणि गाडीच्या हँडलसमोर लाल दिवा लावला. आईने बटण दाबलं की दिवा लागणार. इंजिनाचा आवाज कितीही असो, दिसणार तर खरं. आईला सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे मी हे दाबलं की तू येणार."

"हो, आई."

सासूबाईंनी बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. लाल दिवा विझायलाच तयार नाही. वन्सं आत आल्या. "काय हवंय?"

"काही नाही."

"मग बोट काढ ना."

"मला काय कळतं गं त्यातलं? मी म्हातारी बाई."

गॅरेजवाला कंपाउंडवर कोपर टेकून उभा होता. "ताई, सिग्नल कायमचाच लाल. तुम्ही असं करा, गाडीवर बसा आणि सरळ रस्त्यावर न्या. उभ्या उभ्या चालवून गाडी बिघडते. क्लच, ब्रेक रस्त्यावरच बसतात."

"आणि इथे?"

"तासाभरात काय होणार आहे?"

वन्सं हात पुसत आत वळल्या. चालवायला त्या खात्याच्या आवारात शिकल्या होत्या, लायसन्सही काढलं होतं, पण त्या आवाराबाहेर कधी गाडी नेलेली नव्हती. ही गाडी घेतली ती एकदा तरी अशी न्यायची म्हणूनच, हे त्यांनी मला वायर जोडता जोडता सांगितलं. कुणाला सोडायला नाही, काही आणायला नाही, नुसतं जायचं.

शेवटी एका सकाळी आईचं अंघोळ-खाणं उरकून त्यांनी हेल्मेट चढवलं. मी पलंगाशी बसले. फाटक वाजलं, गाडी गल्लीतून लांब गेली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं आता घंटी, आता बटण. पण त्या निपचित होत्या. आवाज चौकापाशी गेला, तिथे जरा घुटमळला आणि परत मोठा होत होत फाटकातून आत आला.

मी अंगणात धावले. "बिघडली?"

"नाही हो. उत्तम चालली. लोण्यासारखी." वन्संनी हेल्मेट काढलं. कपाळाला घाम होता. "चौकात थांबले, वहिनी. डावीकडे औषधांचं दुकान. उजवीकडे ऑफिस. समोर कधी गेलेच नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, आणि कुठे जायचं ते मला सुचेना."

एवढं बोलून त्यांनी पाना उचलला आणि चांगली चालणारी गाडी पुन्हा खोलायला बसल्या. पुढच्या काही दिवसांत कार्बोरेटर दोनदा उघडला गेला. "थोडा आवाज येतोय," म्हणायच्या. मला तर काही येत नव्हता, आणि गॅरेजवाल्यालाही नाही. तो डोकावायचा थांबला.

अंगणातलं बोलणं पुढच्या खोलीत ऐकू जातं, हे आम्ही दोघी विसरलो होतो. एका दुपारी वन्सं कपडे वाळत घालत असताना सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "पुलापलीकडे ते बटणांचं दुकान. तिला सांग, मला शिंपल्याची बटणं हवीत. सहा. माझ्या राखाडी जाकिटाला."

"आई, ते दुकान बंद होऊन जमाना झाला."

"मला ठाऊक आहे."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"शोधेल की ती," त्या म्हणाल्या. "काम सांगितल्याशिवाय ती हलायची नाही. मीच तशी केलीय तिला. जा, सांग. आणि मीच सांगितलंय म्हण, नाहीतर तुला विचारत बसेल."

मी सांगितलं. वन्सं चिडल्या. "आत्ता? बटणं? जाकीट घालून कुठे निघालीय ही?" पण कुरकुर करत करत त्या हेल्मेट शोधू लागल्या. काम होतं ना. फाटक वाजलं. आवाज चौकापाशी गेला, थांबला नाही, सरळ समोर निघून गेला आणि विरत विरत पार नाहीसा झाला.

"गेली," सासूबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, अंथरूण ओलं झालं होतं. पांघरूण बाजूला करायला गेले तर त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे."

"अहो, ओल्यात किती वेळ राहणार? मी शेजारच्यांना बोलावते, दोघी मिळून उचलू."

"कुणाला बोलवायचं नाही. तिला फोनही करायचा नाही. बस तू."

मी बसले. दोघी मिळून भिंतीकडे बघत बसलो. दुपारचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं आणि पुढे सरकून गेलं. मध्ये एकदा त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं आणि त्यांनी घेतलं.

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. वन्संच्या चेहऱ्यावर धुळीचा थर आणि त्यात हेल्मेटच्या पट्ट्याची स्वच्छ रेघ. "अगं, दुकान नाहीच तिथे! सगळा भाग पालथा घातला. पुलाच्या पुढे तर केवढी वस्ती आहे, आणि तिच्याही पुढे नुसता मोकळा रस्ता. म्हटलं, कदाचित तिकडे हलवलं असेल, म्हणून बघत बघत गेले. बरीच लांब गेले." त्या बोलता बोलता थांबल्या, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. पलंगाशी येऊन पांघरूण उचललं आणि चादरीवर तळवा ठेवला. चादर एव्हाना गार पडली होती. तळवा त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला.

"आत्ताच झालं गं," सासूबाई म्हणाल्या.