वक्त्यांचे गरम टॉवेल

सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची एक मोठी अडचण असते. त्याला मध्येच उठून जाता येत नाही. गळ्याभोवती कापड, गालावर फेस आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वस्तरा. असा श्रोता मिळाल्यावर कोणीही वक्ता होईल. आपल्या या सलूनवाल्यांना सगळी गल्ली ‘वक्ते’ म्हणायची ती त्यामुळेच. आपले श्रोते टिकतात ते गुणांवर नव्हे, वस्तऱ्यावर, हे वक्त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण ठाऊक आहे म्हणून माणूस गप्प बसतो थोडाच.

त्यांचा हातखंडा विषय म्हणजे मायक्रोवेव्ह. दुकान खाली, घर वर, आणि दोन्हींच्या मध्ये आतला लाकडी जिना. वरच्या स्वयंपाकघरात ती पांढरी पेटी आली बायकोच्या हट्टामुळे. बायको दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत दिवसभर उभी. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा शेगडीपुढे उभं राहायचं तिच्या जिवावर येई. सकाळचं जेवण पेटीत ठेवायचं, बटण दाबायचं आणि तेवढा वेळ पाय लांब करून बसायचं, एवढंच तिचं सुख. वक्त्यांना मात्र तो आपल्या शेगडीचा अपमान वाटला. या पेटीला आपण जन्मात हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. जाहीर करायला सभागृह खाली तयार होतंच.

“जाळ दिसत नाही, धूर दिसत नाही. ते अन्न गरम झालंय यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?” वक्ते विचारत आणि वस्तरा नेमका गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी थांबवत. गिऱ्हाईक श्वास रोखून गप्प राही. वक्ते त्याला अनुमोदन समजत.

यात धंद्याचाही प्रश्न होता. समोरच्या फुटपाथवर काचेच्या दाराचं नवं सलून निघालं होतं आणि तिथे टॉवेल गरम करायचं यंत्र होतं. वक्त्यांकडे पडद्यामागे शेगडीवर एक पातेलं. दाढी झाली की उकळत्या पाण्यातला टॉवेल ते हातांनी पिळत आणि अलगद चेहऱ्यावर पसरत. निवृत्त हेडमास्तर दर शनिवारी येत ते या टॉवेलासाठीच. “समोर यंत्राची वाफ आहे, वक्ते. तुमच्याकडे माणसाची आहे,” असं ते एकदा म्हणाले होते आणि वक्त्यांनी ते वाक्य पुढे निदान शंभर जणांना ऐकवलं होतं. हेडमास्तरांच्या मागोमाग त्यांचे जुने विद्यार्थी येत. आता त्यांची टकलं पडली होती, पण शिस्त तशीच होती. उद्या हेडमास्तर समोर गेले असते, तर तो अख्खा वर्ग रांगेनं रस्ता ओलांडून गेला असता.

आणि नेमके याच वेळी वक्त्यांचे हात म्हातारे व्हायला लागले. वक्ते स्वतः अजून पन्नाशीत होते, हात तेवढे पुढे निघून गेले. बोटं आखडायची. उकळता टॉवेल पिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते वाफेचं आहे असं सांगायची सोय होती म्हणून अब्रू राहिली.

एका दुपारी बायको कामावर असताना त्यांचा चहा गार झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. वक्त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आयुष्यभर सभ्य राहिलेल्या माणसानं पहिल्यांदा खिसा कापावा तसं ते बटण दाबलं. चहा गरम झाला. बरा लागला. याचाच त्यांना जास्त राग आला. कपाच्या शेजारी खांद्यावरचा ओला टॉवेल पडला होता. वक्त्यांनी टॉवेलाकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग आपल्या बोटांकडे.

त्या दिवसापासून टॉवेल नळाखालीच पिळून, गुंडाळी करून वर जाऊ लागला आणि झाकणाच्या डब्यातून गरमागरम खाली येऊ लागला. हात भाजेनात, वस्तरा थरथरेना. पातेलं पडद्यामागे नुसतं उकळत राही, आवाजापुरतं. भाषण मात्र चालूच होतं, उलट जरा जोरात. चोरी लपवायला एवढं बोलावं लागतं हे वक्त्यांना नव्यानंच कळत होतं.

“एवढं खळखळतंय पातेलं, मग तुम्ही जिना कशाला चढता?” एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्यानं फेसातून विचारलं.

“पाण्याला मुरू द्यावं लागतं,” वक्ते म्हणाले. पाणी मुरतं म्हणजे काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. शिंपी मात्र प्रभावित झाला.

मग एकदा असं झालं, की बायको किल्ली विसरली म्हणून परत आली आणि दुकानाच्या दारात उभी राहिली. वक्त्यांची पाठ तिच्याकडे होती.

“आहे ना ती पेटी आमच्या घरात,” वक्ते सांगत होते. “मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. बायकोच्या हौसेसाठी सहन करतोय. उद्या कुणी उचलून नेली, तर सुटलो म्हणेन.”

दुसऱ्या दिवशी ते टॉवेल घेऊन वर गेले, तर ओट्यावर पेटीच्या जागी धुळीचा एक चौकोन होता.

“धाकट्या बहिणीकडे पाठवली,” संध्याकाळी बायको पाय चोळत म्हणाली. “तिला हवीच होती. सुटलात तुम्ही.”

“हो, बरं झालं,” वक्ते म्हणाले. मायक्रोवेव्हच्या विरोधातलं त्यांचं हे सगळ्यात छोटं भाषण.

त्या आठवड्यात वक्ते पुन्हा पातेल्याकडे वळले. चिमट्यानं टॉवेल धरून पाहिला, तो परत पाण्यात पडला आणि पाणी मनगटावर उडालं. दोन काठ्यांत घालून पीळ देऊन पाहिला, तर काठ्याच सुटल्या. आपण दाढी करतोय की मासे पकडतोय, असा प्रश्न त्यांनी आरशातल्या स्वतःला विचारला. शुक्रवारपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं टरारून फुगली. शिंप्याच्या गालावर वस्तरा टेकवला तर तो शिलाई मशीनच्या सुईसारखा हलायला लागला. वक्त्यांनी पोट बिघडल्याचं सांगून दाढी अर्ध्यावर थांबवली. शिंपी एका गालानं घरी गेला.

उद्या शनिवार. हेडमास्तर येणार. गार टॉवेल द्यावा तर शान जाते, गरम द्यावा तर वस्तरा धरवत नाही. वक्ते दुकान बंद करून वर आले आणि हात मागे लपवून ओट्यापाशी उभे राहिले.

“धाकटीला पेटी आवडली का?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“खूश आहे. का हो?”

“नाही, तिला नसेल आवडली तर म्हटलं, उगाच संकोच नको.”

बायकोनं शेगडी बारीक केली. “हात दाखवा.”

वक्त्यांनी हात पुढे केला. तिनं बोटांकडे पाहिलं, कपाटातून मलम काढलं आणि लावायला लागली. मग वक्त्यांनी सगळं सांगितलं. चहा, टॉवेल, डबा, मुरलेलं पाणी. सांगताना त्यांना जाणवलं, की इतक्या वर्षांत हे आपलं पहिलंच खरं भाषण, आणि श्रोता हात धरून बसलाय.

“माझ्या आमटीला कित्येक महिने दाढीच्या साबणाचा वास येतोय,” बायको म्हणाली. “मला नाक नाही का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलायचे थांबलात, की बोलणार होते.”

वक्ते थांबले.

“धाकटीकडून आणते उद्या सकाळी,” ती म्हणाली. “पण ती खाली ठेवायची, दुकानात, सगळ्यांसमोर. मला वर नवी घ्यायची. लोकांच्या दाढ्यांच्या सोबतीनं मी जेवणार नाही. आणि हेडमास्तरांना तुम्ही स्वतः सांगायचं.”

शनिवारी हेडमास्तर खुर्चीत बसले तेव्हा धाकटीनं आतून-बाहेरून घासून दिलेली पेटी आरशाखालच्या फळीवर होती, नव्या नवरीसारखी अंग चोरून. मलम आणि रात्रभराच्या विश्रांतीनं बोटं जरा वळत होती. दाढी कशीबशी झाली. वक्त्यांनी त्यांच्यासमोरच टॉवेल पेटीत ठेवला, बटण दाबलं, आणि पेटी गुणगुणत होती तेवढ्यात सगळा कबुलीजबाब देऊन टाकला. “माणसाची वाफ नव्हती, सर. बराच काळ नव्हती. तुम्हाला समोर जायचं असेल तर मी समजू शकतो.”

एव्हाना टॉवेल चेहऱ्यावर आला होता, त्यामुळे हेडमास्तरांचं तोंड दिसत नव्हतं. वक्त्यांना श्रोत्यांची शांतता पहिल्यांदाच असह्य झाली.

“याला वास नाही,” टॉवेलाच्या आतून आवाज आला.

“कसला, सर?”

“लसणाचा. मधूनमधून कांद्याचा यायचा. कांद्याचा जास्त बरा.” हेडमास्तरांनी टॉवेल खाली ओढला. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत आणि खानावळीत जेवत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. “मी दर शनिवारी मनात म्हणायचो, आज वक्त्यांकडे काय शिजलंय बुवा. त्या यंत्रवाल्याकडे एकदा जाऊन आलो. त्याच्या टॉवेलाला लिंबाचा वास येतो. लिंबाशी माझं काय बोलणं असणार.”

त्यावर काय बोलावं ते वक्त्यांना सुचलं नाही. ही घटना गल्लीत पुढे अनेक दिवस चर्चेत होती.

वर नवी पेटी आली आहे. जुनी दुकानातच असते, आणि वक्ते आता तिच्या बाजूनं भाषण करतात, त्याच जोरात, वस्तरा तसाच गळ्यापाशी थांबवून. दर शनिवारी सकाळी मात्र बायको वरून लसूण घातलेल्या भाजीचा वाडगा खाली पाठवते. हेडमास्तर यायच्या आधी वक्ते तो पेटीत चांगला तापवतात, दार जरा वेळ बंदच ठेवतात, आणि मग आरशासमोर उभं राहून खातात. जन्मात या पेटीतलं खाणार नव्हते ते. टॉवेल त्यानंतर आत जातो.