मोझेसमामाकडं मीठ मागायचं नाही

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत मोझेसमामाची खाणावळ आहे. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. मामा दारात उभा राहून माणसाचं तोंड बघतो आणि काय वाढायचं ते स्वतः ठरवतो. खोकणाऱ्याला हुलग्याचं माडगं, घरी भांडून आलेल्याला शिरा. आपण काही मागायचं नाही. मीठ तर मुळीच नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या सोनईच्या हनुमंतानं एकदा मागितलं, तर मामानं त्याच्यापुढचं ताट उचलून कुत्र्याला घातलं. दुसऱ्या दिवशी हनुमंत मुकाट्यानं परत आला. असला तिरसट माणूस! मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि जेवणाची सुट्टी झाली की पाय तिकडंच वळायचे.

यंदा आमच्या कंपनीत चिपळूणची अश्विनी रुजू झाली. पहिल्याच दुपारी तिनं मामाला बजावलं, "मला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. खाल्ले तर जिवावर बेततं."

मामा हसला. "शेंगदाने आमी येताजाता तोंडात टाकतो, पोरी. हितं कोन देतंय तुला? बस."

तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडं भाजीत कूट घालताना ते शेंगदाण्याचं आहे हे मनात येतच नाही, हात आपोआप डब्याकडं जातो. समोर आम्ही चौघं नगरचेच बसलो होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मामानं तिला पालकाची पातळ भाजी वाढली. दोन-तीन घास गेले असतील. तिचे ओठ सुजायला लागले. बोलायला गेली तर आवाज फुटेना. तिनं गळा धरला. मामाची बायको, मरियामामी, आतून धावत आली, ताट बघितलं आणि किंचाळली, "अवो, कूट हाय ना त्यात!"

मामा पांढराफटक पडला. शेजारच्या तौफिकनं टेम्पो काढला. अश्विनीला मागं झोपवलं, मामीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मामा आणि आम्ही दोघं-तिघं चढलो. चौकात गाड्यांची ही गर्दी! मामा खाली उडी मारून पुढं पळाला. भाजीची पळी हातातच होती. तीच प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर आपटत तो ओरडत होता, "सरका! लेकरू मरतंय माजं!"

दवाखान्यात तिला आत नेलं. मामा भिंतीला टेकून उभाच राहिला, पळी घट्ट धरून. ती काढून घ्यायची कोणाची छाती झाली नाही. संध्याकाळी आतून अश्विनीचा आवाज ऐकू आला तेव्हा तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर खाणावळ बंद. "माज्या हातचं आता कुनी खाऊ न्हाई," एवढंच म्हणायचा. मामीनं समजावलं, आम्ही समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी अश्विनीच येऊन उभी राहिली.

"मामा, मला तुमच्याकडं जेवायचंय. भांडी नवी, तेल सूर्यफुलाचं, आणि कुटाचा डबा घराबाहेर."

"न्हाई पोरी. मला भ्या वाटतं."

"मलाही वाटतं," ती म्हणाली. "उद्या येते."

मामीनं सगळं स्वयंपाकघर घासून काढलं. दुसऱ्या दिवशी दारात तौफिक टेम्पो चालू ठेवून बसला होता. मामानं आधी स्वतः घास खाल्ला, मग तिला वाढलं आणि तिच्यासमोर बसला. आमचे हात ताटातच थांबले. तिनं पहिला घास घेतला. मामा तिच्या ओठांवरची नजर काढेना, तोंडानं प्रार्थना पुटपुटत होता. दुसरा घास. थोडं थांबून तिसरा. बाहेर इंजिन घरघरत होतं.

तिनं मान वर केली. "मामा, मीठ कमी आहे."

हनुमंतानं पटकन आपलं ताट जवळ ओढलं.

मामा उठून आत गेला. मिठाची बरणी घेऊन आला, तिच्या ताटाशी वाकला आणि जन्मात कोणाला विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"सांग पोरी, किती घालू?"