माशांची शेगडी

राधाकाकू पाणी मनगटाने बघायच्या. हिवाळ्यात रोज सकाळी पदर खोचून त्या काचेच्या पेटीत हात घालायच्या, मनगटाची आतली बाजू पाण्याला लावायच्या आणि "बराबर हाये," असे माशांनाच सांगायच्या. पेटीचा तळ पत्र्याचा. ती तिवईवर ठेवलेली, आणि खाली वीतभर उंचीची मातीची शेगडी. जुन्या जालन्यात त्यांचे घर आमच्या भिंतीला लागूनच होते. आमची गल्ली मोठी चावट. या प्रकाराला सगळ्याजणी 'माशांचे बाळंतपण' म्हणायच्या. काकूही हसायच्या, पण जरा उशिराने.

मासे काकांनी हैदराबादहून आणलेले. नखाएवढे, शेपटीवर लाल ठिपका, आणि थंडीने मरणारी जात. काका गेले, तरी माशांची पिल्ले आणि पिल्लांची पिल्ले घरात राहिली. काकूंना मूलबाळ नव्हते, निदान आम्ही तसे समजत होतो.

आई एकदा म्हणाली, "राधाबाई, जरा मोठी शेगडी घ्या की. घडीघडी निखारे घालून राह्यल्या तुम्ही."

"न्हाई वैनी. आधी पाणी किती ते पाहावं, मंग शेगडी घ्यावी. दुधाच्या वाटीला कुणी चुलवण पेटवतं का?"

निजामी राजवटीचा तो शेवटचा हिवाळा. गावात धास्ती होती, बाजार धड उघडत नव्हता, कुंभारही गाव सोडून गेलेला. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगी झाली. रीतीप्रमाणे आईने खोलीची दारे-खिडक्या लावल्या आणि माझ्या बाजेखाली घरातली थोरली शेगडी ठेवली. बघायला येणारी प्रत्येक बाई शेगडीत एक मूठ कोळसा टाकायची, पोरीच्या गालाला हात लावायची आणि जायची.

दुपारी काकू आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. दुसऱ्या क्षणी त्यांनी खिडकी उघडली आणि पदराने धरून शेगडी अंगणात ओढत नेली.

"अहो, बाळंतिणीला वारं लागन!" आई ओरडली.

"लागू द्या!" काकू अंगणातूनच म्हणाल्या. "माझी पोर अशीच गेली, वैनी. माहेरी, जांबला. आईनं दोनच निखारे घातल्ते. पन मोठी शेगडी रिकामी दिसली की बाईमाणसाला राहवत न्हाई. जी आली तिनं मायेनं मूठभर कोळसा टाकला, अन् कोंडल्या खोलीत पोर घुसमटली. वैरी कुणी नव्हतं. सगळ्या माझ्याच होत्या."

आईने पोरीला उचलून खिडकीपाशी नेले.

काकू घरी गेल्या आणि तिवईखालची शेगडी घेऊन आल्या. "हिच्यात मूठ मावत न्हाई," म्हणाल्या आणि ती बाजेखाली सरकवली. खिडकी त्यांनी लावू दिली नाही.

तिवईखाली दुसरी शेगडी मावत नव्हती आणि तेवढी नवी मिळत नव्हती. काकूंनी पेटीला गोधडी गुंडाळली, अधूनमधून कोमट पाणी घातले. थंडी वाढतच गेली. माशांचे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. आईला एका सकाळी त्यांच्या अंगणात पेटी पालथी घातलेली दिसली. त्या दिवशी आई पदरात तोंड खुपसून रडली.

सव्वा महिना झाल्यावर मी पोरीला आणि शेगडीला घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी पोरीला मांडीवर घेतले, झबले वर केले आणि तिच्या पोटाला मनगटाची आतली बाजू लावली. "बराबर हाये," म्हणाल्या, आणि मग मोठ्याने रडू लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. मलाही आवरेना.

निघताना मी शेगडी तिवईखाली ठेवायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"घेऊन जा, पोरी. या घरात आता कुणाला ऊब लागती?"

पुढचा हिवाळा काकूंनी पाहिला नाही. ती शेगडी मात्र आमच्याकडे आहे, आणि आमच्या घरातली सगळी लेकरे तिच्याच उबेत वाढली.