फ्रीज तिच्या नावावर

"ताई, जरा बघायला येता का?"

दारात शेजारचा मुलगा उभा. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, आणि चेहऱ्यावर अशी लाज की वाटावं काहीतरी फोडून आलाय. हे वाक्य कानावर पडलं की मी मशीनवरचा ब्लाउज बाजूला सारायचे. शेजारच्या खोलीत काहीतरी नवीन आलेलं असायचं. कधी पंखा, कधी मिक्सर, कधी नुसतं पायपुसणं. हो, पायपुसणं बघायलाही त्याने मला नेलं होतं. मी त्यावर उभी राहून दोन्ही पाय पुसून दाखवले, तेव्हा कुठे गड्याचं समाधान झालं.

दिघीत आमच्या खोल्या एका ओळीत आहेत. मधल्या भिंती अशा की शेजारी कुकरची शिट्टी झाली तर आमचे हे आमचा गॅस बंद करायला उठतात. या ओळीत एकटी मुलं येतात आणि जातात. बहुतेकांचा संसार म्हणजे एक गादी, एक बादली आणि दोरीवर वाळत घातलेला कंपनीचा शर्ट. तुम्ही या भागात राहत असाल तर अशी मुलं रोज बघत असाल, कोपऱ्यावर बसची वाट बघत उभ्याउभ्या डुलक्या घेणारी. हा त्यांच्यातलाच. फक्त याला घर लावायचं वेड होतं.

परभणीकडचा होता. चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमच्याकडचा खरा रविवार गुरुवारीच येतो. पगार झाला की पुढच्या गुरुवारी हा खरेदीला निघायचा. महिन्याला एकच वस्तू, पण ती घेताना दुकानदाराला घाम फोडायचा. मिक्सरची भांडी लावून बघितली, काढून बघितली, पुन्हा लावली. शेवटी दुकानदार म्हणाला, "भावा, मिक्सर घेतोयस का सोयरीक जमवतोयस?" याचं उत्तर ठरलेलं. "एकदाच घ्यायचं हाय ना, मग चांगलं घ्यावं."

महिनाअखेरीला मात्र हा चांगलं घेणारा माणूस वडापाव खाऊन झोपायचा. मी ओरडायचे, "अरे, मिक्सर आहे ना घरात? निदान चटणी तरी वाट."

"मिक्सर आत्ताच नाही काढायचा ताई. ती आल्यावर काढू."

पंख्याच्या पात्यांवरचं प्लास्टिकसुद्धा त्याने काढलेलं नव्हतं. पंखा लावला की नुसती सळसळ, वारा नावाला. पण ती आल्याशिवाय प्लास्टिक निघणार नव्हतं.

ती म्हणजे कासारवाडीची मुलगी. आधी याच्याच कंपनीत स्टोअरला होती, मग चिंचवडच्या एका ऑफिसात बिलिंगचं काम मिळालं. वडील एका सोसायटीत वॉचमन, गाव खेडच्या पुढे कुठेतरी. बोलायला चुरुचुरु. याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत तिची चार व्हायची. प्रेमात पडलेली मुलं बागेत जाऊन बसतात, ही दोघं भांड्यांच्या दुकानात उभी राहायची. डब्यांचा सेट तिने निवडला, पडद्याचा रंगही तिचाच. पडदे मी शिवून दिले आणि शिलाई घेतली नाही. खरं सांगते, गुरुवारी ती दोघं हातात पिशव्या घेऊन हसत आली की मला उगाच बरं वाटायचं. आमच्या लग्नात आम्हाला स्टोव्हसुद्धा कुणी विचारून घेतला नव्हता.

फ्रीज घ्यायला मात्र ती दोघं मलाही घेऊन गेली. कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून. भोसरीच्या दुकानात तिने दारावर जांभळी फुलं असलेला फ्रीज पसंत केला. रोख घेण्याइतके पैसे नव्हतेच, हप्त्यावर घ्यायचा होता. हप्त्याचं काम बघणाऱ्या मुलाने याचे कागद पाहिले आणि मान हलवली.

"भाऊ, तुमचं बसत नाय. कामाला लागून तुम्हाला दोनच महिने झालेत."

"तीन वर्षं झालेत की."

"कागदावर दोनच आहेत ना राव."

हे असं का, ते सांगते. सात-आठ महिने झाले की ठेकेदार मुलांना काही दिवस घरी बसवतो. मग दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावाचं कार्ड गळ्यात घालून त्यांना परत त्याच मशीनवर उभं करतात. याला इथे ब्रेक म्हणतात. त्यामुळे तीन वर्षं राबलेला मुलगा कागदावर सदा कालच आलेला असतो. परमनंट व्हायचा प्रश्नच मिटला.

याचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तिने पर्समधून स्वतःचं ऑफिसचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "माझ्या नावावर करा."

"नको नको," हा म्हणाला.

"नको काय? तुझ्या नावावर काय आणि माझ्या नावावर काय, जाणार शेवटी एकाच घरात ना?"

दुकानातला मुलगाही हसला, मीही हसले. हप्ता तिच्या खात्यातून जाणार आणि हा दर महिन्याला तिच्या हातात रोख ठेवणार, असं ठरलं. बिलावर तिचं नाव आलं, तेव्हा हा त्या नावाकडे बघतच बसला होता.

फ्रीज आला त्या संध्याकाळी पुन्हा दारात एक चप्पल. "ताई, जरा बघायला येता का?" अरे, मीच तर होते दुकानात! पण गेले. त्याने फ्रीजला हळदकुंकू लावलं होतं. दार उघडलं तर आत पाण्याची एक बाटली आणि एक लिंबू.

"लिंबू कशाला रे?"

"रिकामा कसा ठेवावा ताई?"

चार-पाच हप्ते फिटले, मग घर बघायचा दिवस आला. होकार देण्याआधी मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायचं, ही आपली रीत. तिच्या वडिलांनी सांगितलं, परभणीचं घर मला नको दाखवू, माझी पोरगी जिथं राहणार ते दाखव. याची आई यायची होती, पण तिकडे सोयाबीनची काढणी चालली होती. हा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "ताई, माझ्याकडनं तुम्हीच बसा." झालं, आम्ही नवरा-बायको वरपक्ष झालो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मी पोहे केले. ओळीतल्या बायका काही सामान लागतंय का विचारायला आल्या आणि बघून गप्प परत गेल्या. त्यांच्याकडेच एवढं नव्हतं. त्या दिवशी पंख्याच्या पात्यांवरचं प्लास्टिक निघालं.

वडील आले, बरोबर तिचे मामा. म्हातारा सावकाश सगळीकडे फिरला. कपाट बघितलं, पडदा बोटांत धरून बघितला, फ्रीज उघडून बघितला. आता आत भाजी होती, दूध होतं. खुर्चीवर टेकत म्हणाला, "झ्याक लावलंय घर. पोरगी सांगत व्हती, पर मला वाटलं वाढवून सांगतीय."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे केली.

"पर्मनंट हाय का?" म्हाताऱ्याने विचारलं.

खोटं बोलला असता तर चाललं असतं का, कुणास ठाऊक. बाकीची मुलं बोलतात. हा बोलला नाही. "ठेकेदाराकडून हाय. पण साहेब म्हणायलेत, पुढच्या वर्षी घेऊ."

म्हातारा पोहे चिवडत राहिला. "मला बी साहेब आसंच म्हनायचा पोरा. पुढच्या वर्सी, पुढच्या वर्सी. आन मग एक दिस कंपनीच हलवली. आता दुसऱ्याच्या गेटावर बसतोय."

मी वरपक्षाची ना, मला बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "मुलगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे. तुमच्या मुलीला फुलासारखं जपेल."

"दिसतंय की ताई. मानूस वाईट आसता तर मला सोपं गेलं आसतं."

मी पुन्हा चहा टाकला.

त्यानंतर महिनाभरातच त्याला ब्रेक लागला. दरवेळी पंधरा-वीस दिवसांत बोलावणं यायचं, यावेळी आलंच नाही. लाइनवर काम कमी आहे म्हणाले. रोज सकाळी ठेकेदाराला फोन, रोज तेच उत्तर, "बघतो, सांगतो." आणि तिकडे म्हाताऱ्याने मुलीचं लग्न दुसरीकडे ठरवलं. मुलगा मोठ्या कंपनीत परमनंट, मोशीला स्वतःचा फ्लॅट.

ती माझ्याकडे आली ती एकटीच. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ चिंध्यांशी चाळा करत राहिली. मी म्हटलं, "तू काही बोललीस की नाही घरी?"

"बोलले ताई. आठ दिवस जेवले नाही. तर बाबाही जेवले नाहीत. त्यांना शुगर आहे." मग रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "आणि हप्त्याचं काय करू? याच्याकडे आता द्यायला पैसे नाहीत, मी माझ्या पगारातून भरतेय. लग्नानंतर तिकडे विचारलं, हा कुणाचा फ्रीज, तर काय सांगू?"

भिंती पातळ आहेत, हे मी मघाशी सांगितलंच. पलीकडे तो होता. त्याने सगळं ऐकलं असणार. ती जाईपर्यंत त्याच्या खोलीतून साधा भांड्याचाही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला एकच विचारलं, "ताई, परमनंट व्हायला काय लागतं?"

आमचे हे परमनंट आहेत. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कसे झालो ते ह्यांनाही सांगता येत नाही. तेव्हा घेत होते, ह्यांना घेतलं. त्यात ह्यांची हुशारी नव्हती आणि याचा गुन्हा नव्हता. पण हे त्याला सांगून त्याचं काय भलं होणार होतं?

मार्ग म्हाताऱ्याने काढला. व्यवहाराने बघाल तर त्यात खोट काढता येणार नाही. बिल मुलीच्या नावावर, हप्ता मुलीच्या खात्यातून. नाहीतरी लग्नात संसाराला फ्रीज द्यायचाच होता. तर हाच नेऊ, उरलेले हप्ते आपण भरू, आणि पोराने जेवढे दिलेत तेवढे त्याला परत करू. एका गुरुवारी सकाळी म्हातारा टेम्पो घेऊनच आला.

मी दारात जाऊन उभी राहिले. वरपक्ष म्हणून म्हणा, शेजारीण म्हणून म्हणा. म्हाताऱ्याने खिशातून पाकीट काढून पुढे धरलं. मी याला डोळ्यांनी खुणावलं, घेऊ नकोस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाकीट घेतलं. नंतर मी चिडून विचारलं, घेतलेस कशाला, तर म्हणाला, "भाडं ऱ्हायलंय ताई." माझी मान मीच खाली घातली.

फ्रीजमधलं सामान त्याने माझ्याकडे आणून दिलं. आतून फडकं फिरवलं. एका बाजूने ड्रायव्हर, एका बाजूने हा, असा फ्रीज बाहेर आला. टेम्पोत चढवून दोरी आवळताना दाराला चरे पडतील म्हणून याने स्वतःच्या गादीवरची चादर काढून मध्ये घातली. मला इतका राग आला होता! कुणाचा ते कळत नव्हतं. म्हाताऱ्याचा म्हणावं तर त्याचेही डोळे लाल होते. मुलीचा म्हणावं तर ती आठ दिवस जेवली नव्हती.

"काका, आडवा नका करू," हा सांगत होता. "उभाच न्या. अन् नेल्या नेल्या चालू नका करू. दोन-तीन तास तसाच राहू द्या, मग लावा. नाहीतर बिघडतो."

"व्हय," म्हातारा म्हणाला. जायला वळला, परत फिरला, याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात हा गावी गेला. चार दिवसांनी येतो म्हणाला होता, आला नाही. काही महिने फोन लागायचा, "बरंय ताई" एवढंच बोलायचा, मग नंबर बंद झाला. लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली नाही आणि आली असती तरी आम्ही गेलो नसतो.

टेम्पो गेला त्या दुपारी मी त्याला एकट्याला खोलीत बसू दिलं नाही. माझ्याकडे जेवायला घातलं. जेवला. मग माझ्या उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसून राहिला. मी शिवत होते, पण लक्ष त्याच्याकडेच. तो सारखा मोबाईल काढून बघत होता, खिशात ठेवत होता, परत काढत होता. मला वाटलं, तिच्या फोनची वाट बघतोय. शेवटी राहवलं नाही.

"नको रे बाळा वाट बघू. ती नाही करणार आता फोन."

"फोनची नाही ताई," तो म्हणाला. "टाइम बघायलोय. तीन तास होऊन गेले. आता लावला असेल त्यांनी."