मोहाच्या झाडापर्यंत मुरमाची वाट

मुलाला परदेशात नोकरी लागली, तेव्हा त्याने पुण्याची खोली रिकामी केली आणि स्वतःची सायकल ट्रान्सपोर्टने आमच्याकडे बालाघाटला पाठवून दिली. फोनवर मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं, "आई, ही ग्रॅव्हल बाइक आहे. गिट्टी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर चालवायची असते." हे ऐकून मिस्टरांच्या हातातला चहा हिंदकळला. म्हणाले, "आपल्या इथं दुसरा रस्ताच कोनता हाय? त्या हिशेबानं आपल्या गावातली हर सायकल तेच हाय."

टायर जाडजूड, हँडल बकऱ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटीही नाही. हवा गेली होती म्हणून चौकातल्या मेकॅनिककडे दिली आणि संध्याकाळी आणायला गेले, तर सायकल ओळखू येईना. हँडल फिरवून त्याने शिंगं वर केली होती. मागे दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं दणकट लोखंडी कॅरिअर लावलं होतं, शिवाय स्टँड आणि घंटी. "दीदी, कंपनीवालों ने हैंडल ही उल्टा फिट कर दिया था, मैंने सीधा कर दिया," तो इतक्या समाधानाने म्हणाला की मी त्याचे आभार मानून आले. व्हिडिओ कॉलवर मुलाने कपाळावर हात मारून घेतला. पण मी चालवून पाहिली, तर पाठ ताठ राहत होती. म्हटलं, चालवणार मी, तर हँडल माझ्या मर्जीचं राहील.

सायकल मला लहानपणापासून येते. वडिलांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून आम्ही कैंची चालवायचो. लग्नानंतर सुटली ती सुटलीच. आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पॅडल मारायची हौस आली, असं शेजारणींना वाटलं. हौस होतीच, नाही कशाला म्हणू? पण कारण माझ्या मायचं होतं.

माय श्रावणात अंगणात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड नीट जुळलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज चालल्या नाहीत, तर कायमच्या खाटेवर राहतील. भावाने स्टीलचा वॉकर आणून दिला. मायने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "म्या नाही धरत त्या पिंजऱ्याले." तेव्हापासून वॉकरवर वहिनी ओले टॉवेल वाळत घालायची. दिवाळी गेली, धान कापून झालं, तरी माय खाटेवरून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीतून खाटेपर्यंत, तेही भिंत धरून. सुनेने विनवलं की ही रागवायची, मुलाने विनवलं की रडायची. मी रविवारी जायचे मिस्टरांच्या गाडीतून. गाडी थेट अंगणात. मी तासभर डोकं खायचे, ती नुसती "हौ, हौ" करायची आणि मी परत गाडीत बसायचे. मला खात्री होती की मी रोज गेले, तर हिला उठवीन. रोज जायला गाडी मोकळी नव्हती, बस माझ्या वेळेला नव्हती आणि डांबरी रस्त्यावरून खाणींचे डंपर असे धावतात की सायकलवाल्याने घरी सांगूनच निघावं.

माहेर आमचं नदीकाठीच, शहराच्या खालच्या अंगाला. म्हणजे वैनगंगा शहरावरून वाहते तीच पुढे आमच्या गावच्या घाटाला लागते. त्या घाटावर मी पोरवयात कपडे धुतलेत. पण घाटाच्या वरच्या बाजूला एक पायवाट झुडपात शिरायची. ती कुठे जाते हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण मुलींनी तिकडे जायचं नाही, असं होतं. आता विचारावंसं वाटलं. पाणी जर इथून तिथे जातं, तर मी का जाऊ नये?

मी घरी शिवणकाम करते. अकराच्या आधी कोणी ब्लाउज घेऊन येत नाही, त्यामुळे सकाळ माझीच. पहिल्या दिवशी नदीकाठच्या उद्यानात शिरले. गुळगुळीत फरशीची वाट, दोन्हीकडे झाडं, फिरणाऱ्या बायका. चौकीदाराने लगेच हटकलं, "मॅडम, अंदर साइकिल मना है." मी म्हटलं, मग बाहेरून कुठे जाता येईल? त्याने खांदे उडवले. त्या तारेच्या कुंपणाला बाहेरून लागूनच मुरमाची वाट होती. आत चालणाऱ्यांना ती दिसते, पण तिच्यावरून कोणी जात नाही. मी गेले.

माझी एक खोड आहे. वाट दिसली की ती कुठे जाते हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. या खोडीपायी मी त्या हिवाळ्यात नदीकाठ इतका धुंडाळला की टेलरिंगपेक्षा त्यातच माझं नाव झालं असतं. शहरातला घाट संपला की वीटभट्टी लागते आणि तिथून वाटा फुटतात. पहिल्यांदा मी रुंद वाट धरली, रुंद ती खरी म्हणून. ती मला सरळ नदीच्या वाळूत घेऊन गेली आणि चाक रुतून मी अलगद बाजूला निजले. वाळूचे ट्रॅक्टर तिथवर येतात आणि तिथूनच वळतात, त्यांना पुढे काय काम? तेव्हा कळलं की दोन चाकोऱ्यांची वाट वाळूला जाते. माणसांकडे जायचं असेल, तर एकेरी वाट धरायची. दुसऱ्या खेपेला एकेरी धरली, ती बकऱ्यांची निघाली. बाभळीच्या जाळीत जाऊन संपली. तिथे मी एकटीच मोठ्याने हसले, कारण बकऱ्यांनाही कुठेतरी जायचं असतंच.

रोज घरी आल्यावर मिस्टर विचारायचे, "आज कुठवर?" मी सांगायचे, आज एक पडकी विहीर सापडली, आज कोणीतरी लाखोळीची डाळ पेरलेल्या धानाच्या बांधीच्या कडेने फिरले, आज वाटेत काळे जड दगड होते, उकव्याकडच्या मँगनीजच्या खाणीतले असावेत, इथे कसे आले कोण जाणे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "माय खाटेवर हाय अन् तू दगडं मोजून राह्यली." मला झोंबायचं. मी दोन-दोन दिवस बोलायचे नाही. पण मनात तीच धास्ती होती की वाट सापडेपर्यंत मायचे पाय आखडून जातील.

शेवटी नाला आडवा आला. पावसाळ्यात तो नदीला मिळतो, आता गुडघाभर पाणी होतं. त्यावर कोणीतरी विजेचा जुना सिमेंटचा खांब आडवा टाकला होता. माणूस तोल सांभाळत जाऊ शकेल इतका, पण सायकलसकट नाही. मी उभी राहून विचार केला. मग सलवार गुडघ्यावर खोचली, स्वतः पाण्यात उतरले आणि सायकल खांबावरून ढकलत नेली. म्हणजे सायकल पुलावरून गेली आणि बाई पाण्यातून. पलीकडे चढून झुडपातून बाहेर आले, तर समोर आमच्या गावचा घाट आणि पोरवयात मी ज्यावर कपडे आपटायचे तो चपटा दगड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं लांबचं म्हणत होते ते माहेर माझ्या शिलाई मशीनपासून सायकलने जाण्याइतकं जवळ होतं.

घरी पोचले, तेव्हा भाऊ आणि वहिनी दोघंही शेतावर होते. माय खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. माझ्याकडे, मग माझ्या ओल्या सलवारीकडे आणि मग बाहेर बघून म्हणाली, "जावई कुठी हायेत?"

"घरी. मी सायकलनं आली."

"एकटी? नदीकून?"

"हौ."

"अन् जाशीन कशी?"

"आली तशीच जाईन, एकटी."

मग मला मनसोक्त शिव्या पडल्या. अक्कल गहाण ठेवली का, मगरी असतात, सापं असतात, म्हातारपणी हे काय सुचून राह्यलं. मी चहा केला, तिच्या पायाला तेल लावलं, वॉकरवरचे टॉवेल काढून तो तिच्यापुढे ठेवला. तिने तोंड फिरवलं. इतकी वाट धुंडाळून आले आणि पुन्हा तेच! मलाही राग आला. "नाही चालायचं, तर नको चालू," असं फटकन बोलले आणि सायकलचा स्टँड काढला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लेक माहेरून निघाली की तिला शिवेपर्यंत पोचवायला जायचं. आमच्या गावच्या शिवेवर मोहाचं झाड आहे. तिथे माय लेकीच्या पदराला मूठभर तांदूळ बांधते आणि मगच लेक पुढे जाते. शिवेवरून लेक एकटी गेली, तर लोक मायला नावं ठेवतात. गाडी आल्यापासून हे सुटलं होतं. गाडीत नवरा सोबत असतो, अंगणातून हात हलवला की झालं. एवढी जुनी रीत, पण गाडीने ती कधी मोडली ते आम्हा कोणाला कळलंही नाही.

मी अंगणाच्या फाटकाशी पोचले, तोच मागून आवाज आला, "थांब व. एकटी कशी जातं शिवेवरून? लोक काय म्हनतीन मले?"

वळून पाहिलं, तर माय भिंत धरून दारात उभी होती. एका मुठीत तांदूळ होते. ती पायरीशी आली, तशी मी सायकल मागे घेऊन तिच्याजवळ नेली. वॉकर दोन हातांवर पडवीत होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने कॅरिअर धरलं. मेकॅनिकने लावलेलं ते दणकट, दूधवाल्यांचं कॅरिअर.

मी हँडल धरून पुढे आणि ती कॅरिअर धरून मागे. मी जीव मुठीत घेऊन हळूहळू सायकल ढकलत होते. ती थांबली की मी थांबायचे. वाटेत शेजारीण म्हणाली, "कुठी चालली व मावशी?" माय तोऱ्यात म्हणाली, "लेकीले पोचवाले." मी पुढे बघत होते, कारण मला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. मोहाखालच्या दगडावर ती टेकली, दम घेतला. मला पदर नव्हता म्हणून ओढणीच्या टोकाला तांदूळ बांधले आणि म्हणाली, "जाय आता. मांगं पाहू नोको."

मी निघणार, एवढ्यात लक्षात आलं की हिला घरी कोण नेणार? भाऊ शेतावर, गावात सगळे कापणीनंतरच्या कामात. "चाल, तुला सोडून येते," म्हटलं. कुरकुरत उठली, पुन्हा कॅरिअर धरलं आणि आम्ही तसंच परत आलो. येताना दोनदाच थांबली.

पायरी चढून सायकलसकट पडवीतल्या खाटेशी पोचल्यावर मी म्हटलं, "आता बस. मी निघते, अकराला ब्लाउजवाल्या येतील."

ती बसली नाही. सुपातून पुन्हा मूठभर तांदूळ घेतले, कॅरिअर घट्ट धरलं आणि माझ्यावरच खेकसली, "मंग चाल ना! एकटी कशी जाशीन?"