धुवायला टाकलेलं रक्त

माझे काका लाँड्रीवाले. त्यांचं पोट डागांवरच चालतं, त्यामुळे न निघणारा डाग जगात असतो हे त्यांना मान्यच नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीने तुंबल्या, गोळ्यांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी दर पंधरवड्याला यंत्रावर रक्तातली चरबी काढून घ्यायला सांगितलं, तेव्हा घरातले सगळे धास्तावले. काका मात्र खूश. एका हातातून रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करायचं, त्या पाण्यातली चरबी गाळायची आणि स्वच्छ झालेला माल दुसऱ्या हातातून परत आत सोडायचा.

"म्हणजे आपलाच धंदा," काका म्हणाले. "फक्त इस्त्री नाही."

इथेच घोटाळा झाला. लाँड्रीत कपडा टाकायचा तो मळलेला. स्वच्छ कपडा धुवायला देणं म्हणजे पाण्याची नासाडी. या न्यायाने काका यंत्रावर जायच्या आदल्या दिवशी लोण्यात परतलेली अंडी, मटणाचे चरबीवाले तुकडे आणि वर वाटीभर साय असं यथेच्छ हाणत. काकू कपाळाला हात लावून बसे. "उद्या धुवायचंच आहे ना?" हे तिला उत्तर. यंत्राखालच्या पिशवीत जमलेला पिवळा, दाट ऐवज ते कौतुकाने बघत आणि नर्सला विचारत, "गेल्या खेपेपेक्षा जास्त निघालं ना?" जास्त मळ निघाला की धुलाई उत्तम, असं त्यांचं शास्त्र होतं.

माझे बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. जेवण उकडलेलं, अंगावर मांस औषधालाही नाही. रोज सकाळी चालून येतात आणि न चालणाऱ्यांना दिवसभर बोलतात. दोन्ही टाचांमागच्या शिरांवर त्यांच्या टणक गाठी आहेत. त्या ते पाहुण्यांना मोजे खाली करून दाखवत. "चालून चालून कमावल्यात," म्हणत. आजी धाकट्याला जास्त लोणी वाढायची, ही लहानपणची तक्रार ती गेल्यावरही त्यांनी सोडली नव्हती. "लाडाची फळं भोगतोय," असं ते काकांबद्दल म्हणत आणि त्यात काळजीपेक्षा समाधानच जास्त असे. मला त्याचा राग यायचा.

एकदा तपासणीला मी काकांबरोबर होते. डॉक्टरांनी त्यांच्या टाचेमागे बोट दाबलं. तिथेही गाठी. डॉक्टर म्हणाल्या, "ही साठलेली चरबी आहे. खाण्याने हा आजार वाढतो, पण तुम्हाला तो आलाय आईवडिलांकडून. भावंडं असतील तर त्यांचं रक्त लवकर तपासून घ्या. अशी धडधाकट दिसणारी माणसंसुद्धा अचानक जातात."

काकांचा चेहरा उतरला. घरी आल्या आल्या त्यांनी बाबांना सांगितलं, तर बाबा हसले. "मला? मी काय तुझ्यासारखा चरतो?"

पुढच्या खेपेला काका म्हणाले, "दादा, आज तू चल माझ्याबरोबर." चार परक्या माणसांसमोर भावाला सुनावायची संधी बाबा कशाला सोडतील? ते निघाले. वाटेत चालण्याचे फायदे सांगून झाले, दवाखान्याच्या जिन्यात भाज्यांचे.

खुर्चीत बसल्यावर नर्स म्हणाली, "बाह्या वर घ्या." काकांनी हात छातीशी घट्ट बांधून घेतले.

"आधी याचं रक्त घ्या. तोवर मला सुई लागणार नाही."

"अरे, तमाशा करू नकोस," बाबा कुजबुजले.

"करणार. तू नाही म्हण, मी घरी जातो आणि परत इथे येत नाही. मग मला खुशाल दोष दे."

"मला काही झालेलं नाही रे!"

"मग घाबरतोस कशाला?" काकांचा आवाज चिरकला. "दादा, मला तुझी भाषणं ऐकायचीत अजून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. मग कवायतीच्या मास्तरांनी मुकाट्याने बाही वर केली.

रिपोर्ट आला तो काकांपेक्षा वाईट. मग हृदयाची तपासणी झाली, तर दोन वाहिन्या बऱ्याचशा बंद. काही महिने गोळ्या झाल्या, पुरेसा उतार पडला नाही, आणि शेवटी काकांच्या शेजारची खुर्ची बाबांना मिळाली. काकांनी आदल्या दिवशीची मेजवानी तोवर केव्हाच बंद केली होती. काकू अजून त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

पहिल्या दिवशी यंत्राचं काम संपत आलं तेव्हा बाबांनी दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं. त्यांची जास्त दाट होती. आता काका काय काय ऐकवणार या धास्तीने मी खाली बघत राहिले. उकडलेल्या भाज्यांपासून मोज्यांपर्यंत सगळ्याचं उट्टं काढता आलं असतं.

काका बराच वेळ पिशव्या न्याहाळत होते. मग म्हणाले, "दादा, बघ. आईने दोघांना सारखंच वाढलं होतं."

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांच्याही. चारही हात सुयांनी अडकलेले, त्यामुळे दोघांचे डोळे मलाच पुसावे लागले.